चाफा, जास्वंद आणि माडावर पांढरी कीड व काजळी : औषध ओतावे की थांबावे?

अंगण, फोंडा

नमस्कार. आमच्या घरासमोर पांढऱ्या फुलांचा जुना चाफा आहे, कुंपणाच्या कडेने जास्वंदीची काही झाडे आहेत आणि मागच्या बाजूस दोन माड आहेत. पाऊस ओसरल्यावर, दिवाळीच्या सुमारास, चाफ्याच्या पानांच्या खालच्या बाजूस पांढरी मेणचट वर्तुळे दिसू लागली. आता पानांचा वरचा भागही चिकट झाला असून त्यावर काळा थर बसला आहे, आणि चाफ्याखालच्या फरशीवर अनवाणी चालले की तळवे चिकटतात. जास्वंदीचे शेंडे आखडून त्यांचे गुच्छ झाले आहेत, कळ्या उमलण्याआधीच गळतात आणि कोवळ्या देठांवर पांढरे पुंजके बसलेले आहेत. माडाखाली लावलेल्या क्रोटनच्या पानांवरही तोच काळा थर आहे. मात्र ती पाने उलटून पाहिली असता खाली कोणतीही कीड आढळली नाही.

बागकामाला येणाऱ्या गृहस्थांचे म्हणणे असे की मुळाशी औषध ओतावे, म्हणजे ते झाडात वर चढते आणि रस पिणारी कीड आपोआप मरते; ते नको असेल तर चाफा बुंध्याजवळून छाटून टाकावा. चाफ्याला लागूनच आमची पिण्याच्या पाण्याची विहीर आहे. जास्वंदीची फुले रोज देवाला वाहिली जातात आणि सकाळी त्याच फुलांवर शिंजीर पक्षी येतात. त्यामुळे औषधाचे मन होत नाही, पण झाडे अशीच सोडून देण्याचेही धैर्य होत नाही. अनुभवी सभासदांनी मार्ग सुचवावा, ही विनंती.

कीटकनोंद, म्हापसा

आपण केलेले वर्णन नेमके आहे, त्यामुळे बरेचसे निदान त्यावरूनच करता येते. आपल्या आवारात एकच कीड नसून बहुधा तीन निरनिराळ्या किडी आहेत, आणि तिन्हींवर एकच औषध मारण्याचा विचार म्हणूनच गैर ठरतो.

चाफ्याच्या पानाखालची वर्तुळे चक्राकार पांढऱ्या माशीची असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. ही माशी अंडी घालताना पानावर गोल गोल फिरते आणि मागे मेणाची रेघ सोडते, त्यामुळे ही नक्षी उमटते. भारतात तिची पहिली नोंद १९९३ मध्ये केरळात झाली आणि चाफा हे तिच्या आवडत्या झाडांपैकी एक आहे. खात्रीसाठी एक गोष्ट अवश्य पाहावी. पानाखाली पांढऱ्याऐवजी नारिंगी पूड असेल आणि वरच्या बाजूस पिवळे ठिपके असतील, तर ती कीड नसून चाफ्यावरचा तांबेरा आहे. तो बुरशीजन्य रोग असल्याने त्यावर कीटकनाशक मारणे सर्वस्वी व्यर्थ आहे.

जास्वंदीचे आखडलेले शेंडे हे पिठ्या ढेकणाचे लक्षण आहे. जास्वंदीवर येणाऱ्या गुलाबी पिठ्या ढेकणाची लाळ झाडाला बाधते, म्हणून थोड्याच किडींमुळेही शेंड्यांची वाढ खुंटून त्यांचे गुच्छ होतात. पुंजक्यातील एखादी कीड काडीने चिरडल्यास गुलाबी-तांबूस द्रव निघतो, त्यावरून ओळख पटते.

क्रोटनची गोष्ट सर्वांत बोलकी आहे. रस शोषणाऱ्या किडी झाडाचा पातळ, गोड रस मोठ्या प्रमाणात पितात आणि त्यातील जास्तीची साखर चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतात. हे थेंब जिथे पडतात तिथे काजळी बुरशी वाढते. त्यामुळे ज्या पानाखाली कीड नाही पण वर काजळी आहे, त्या पानाचा दोष नसतो, तर थेंब वरून पडत असतात. मान वर करून माडाच्या झावळ्यांची खालची बाजू पाहा. शक्य असल्यास खालची एखादी झावळी उतरवून घ्या. २०१६ मध्ये तमिळनाडूतील पोल्लाची भागात माडावर प्रथम सापडलेली आणि पुढे पश्चिम किनाऱ्यावर पसरलेली रुगोज चक्राकार पांढरी माशी तिथे आढळेल, असा माझा अंदाज आहे. ती नेहमीच्या पांढऱ्या माशीपेक्षा आकाराने मोठी आणि हालचालीने मंद असते.

काजळीची बुरशी पानाच्या आत शिरत नाही, ती केवळ वरच्या साखरेवर जगते. पानापर्यंत पोहोचणारा प्रकाश अडतो एवढेच तिचे नुकसान, म्हणून काजळीसाठी बुरशीनाशक आणण्याची आवश्यकता नाही.

आता एक विनंती. काहीही करण्यापूर्वी साधे भिंग घेऊन, तीनही झाडांची काही पाने उलटून, त्यावर आणखी कोणते जीव आहेत ते पाहावे आणि इथे लिहावे. किडीच्या पिल्लांवर बारीक गोल छिद्रे आहेत का, काही पिल्ले काळपट पडली आहेत का, आणि मुंग्यांची रांग खोडावरून जाते का, या तीन गोष्टींवर पुढचा सल्ला अवलंबून राहील.

कुळागर, सत्तरी

वरील निदानाशी मी सहमत आहे, आणि मुंग्यांविषयी थोडे अधिक लिहू इच्छितो, कारण अंगणातील झाडांच्या बाबतीत खरी मेख तिथेच असते असे माझे मत आहे.

चिकट, गोड थेंबांसाठी मुंग्या या किडींची राखण करतात. पिठ्या ढेकूण खाणारे भुंगेरे किंवा त्यांच्यात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या जवळ आल्या की मुंग्या त्यांना हुसकावून लावतात. म्हणून ज्या झाडावर मुंग्यांची ये-जा चालू आहे, तिथे मित्रकीटकांना काम करण्यास वावच मिळत नाही. मुंग्या अडवल्या की कोणतेही औषध न मारता किडीचे प्रमाण उतरू लागते.

अडवण्याची रीत साधी आहे. खोडाभोवती जाड प्लॅस्टिकची किंवा कापडाची पट्टी घट्ट बांधावी आणि त्या पट्टीवर ग्रीस किंवा चिकट गोंद लावावा. ग्रीस थेट सालीवर लावू नये, त्याने साल खराब होते. पट्टीखाली फट राहिली तर मुंग्या तिथून जातात, म्हणून आधी खाचांत कापूस भरून घ्यावा. सर्वांत महत्त्वाचे असे की, झाडाची एकही फांदी भिंतीला, कौलांना, विजेच्या तारेला किंवा शेजारच्या झाडाला टेकलेली नसावी. अन्यथा पट्टीचा काही उपयोग होत नाही. धूळ आणि पालापाचोळा पट्टीवर बसून पूल तयार होतो, तोही अधूनमधून काढावा लागतो.

चाफ्यावर हुमल्यांची पानांची घरटी असतील तर ती जाळू नयेत आणि त्यांवर पावडरही मारू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. हे तांबडे मुंगळे चावतात, त्रास देतात, हे खरे. परंतु काजूच्या बागेत ढेकण्या (टी मॉस्किटो बग) या किडीला आवर घालण्यात आणि पाने खाणाऱ्या अळ्या उचलून नेण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. त्यांना चाफ्यावर चढू न देणे पुरेसे आहे, आवारातून नाहीसे करण्याची गरज नाही.

आणखी एक गोष्ट विचारावीशी वाटते. पावसाळ्यानंतर जास्वंदीला युरिया किंवा तत्सम खत दिले होते का? नत्र जास्त झाले की कोवळी, रसाळ पालवी फुटते आणि रस पिणाऱ्या किडींना हवा तसा आहार मिळतो. कुजलेले शेणखत थोडे थोडे द्यावे आणि कीड आटोक्यात येईपर्यंत रासायनिक नत्र पूर्ण थांबवावे.

अंगण, फोंडा

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आज सकाळी भिंगाने पाहिले. माडाच्या झावळीखाली खरोखरच पांढरी वर्तुळे आहेत. चाफ्याच्या खोडावर बारीक काळ्या मुंग्यांची अखंड रांग आहे आणि एक फांदी पडवीच्या कौलांना टेकलेली आहे. युरियाबद्दलचा अंदाज बरोबर आहे. चतुर्थीनंतर कुंपणाच्या सर्व झाडांना दिला होता.

जास्वंदीवर मात्र एक गोंधळात टाकणारी गोष्ट दिसली. पिठ्या ढेकणांच्या पुंजक्यांत त्यांच्यासारखेच पांढरे, पण बरेच मोठे, अंगावर मेणाचे लांब धागे असलेले जीव फिरताना दिसले. बागकाम करणाऱ्यांच्या मते हेच मोठे झालेले ढेकूण आहेत. येत्या रविवारी ते पाठीवरचा पंप घेऊन येणार आहेत आणि मुळाशी इमिडाक्लोप्रिड ओतण्याचा त्यांचा आग्रह कायम आहे. काय करावे?

कीटकनोंद, म्हापसा

रविवारची फवारणी कृपया रद्द करावी. आपण पाहिलेले ते मोठे, चपळ, धाग्यांचे जीव पिठ्या ढेकूण नसून, त्यांना खाणाऱ्या क्रिप्टोलेमस भुंगेऱ्याच्या अळ्या असण्याची दाट शक्यता आहे. दोन्हींच्या अंगावर पांढरे मेण असल्याने असा गैरसमज नेहमी होतो आणि लोक नेमके उपकारकर्त्यालाच धुऊन टाकतात. ओळखायची खूण हालचालीत आहे: पिठ्या ढेकूण जागेवर चिकटून बसतो, त्याला काडी लावली तरी तो हळूहळू सरकतो, ही अळी मात्र पुंजक्यातून पुंजक्यात लगबगीने जाते आणि वाटेतली अंडी व पिल्ले फस्त करते. प्रौढ भुंगेरा आकाराने लहान, काळपट आणि डोके व मागचे टोक नारिंगी असा असतो. तोही जवळपास दिसेल. हा भुंगेरा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, आणि भारतात तो १८९८ मध्येच आणला गेला. तो आता आपल्या बागांत रुळलेला आहे.

मित्रकीटकांवर एवढा भरवसा का ठेवावा, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्या देशातच घडलेल्या एका प्रसंगात आहे. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइम्बतूर येथे आढळला आणि अल्पावधीत पपई, तुती, जास्वंद, चाफा अशा अनेक झाडांवर पसरला. फवारण्यांनी तो हटेना, कारण मेणाच्या आवरणातून औषध आत पोहोचत नव्हते आणि मित्रकीटक मात्र मरत होते. २०१० मध्ये ॲसेरोफॅगस पपाये नावाची परजीवी, म्हणजे किडीच्या शरीरात अंडी घालणारी, गांधीलमाशी पोर्टो रिकोतून आणून सोडण्यात आली आणि त्यानंतर ही कीड झपाट्याने आटोक्यात आली. या किडींच्या बाबतीत औषधापेक्षा योग्य जीव योग्य जागी असणे अधिक परिणामकारक ठरते, असे मी पूर्ण विश्वासाने सांगतो.

इमिडाक्लोप्रिड मुळाशी ओतण्यास माझा स्पष्ट विरोध आहे आणि त्याची कारणे आपल्या प्रश्नातच आहेत. हे औषध पाण्यात सहज विरघळते. आपल्याकडील चिऱ्याच्या सच्छिद्र जमिनीतून ते खाली झिरपण्यास वेळ लागत नाही आणि चाफ्याला लागून पिण्याच्या पाण्याची विहीर आहे. दुसरे, मुळांतून वर चढणारे औषध केवळ पानांत थांबत नाही, ते फुलांतील मधात आणि परागातही उतरते. आपल्या जास्वंदीचा मध शिंजीर पितात, मधमाश्या पराग नेतात आणि तीच फुले घरात हाताळली जातात. तिसरे, या औषधानंतर लाल कोळ्यांचा उपद्रव वाढल्याचे अनेक झाडांवर आढळलेले आहे, म्हणजे एक कीड जाऊन दुसरी येते.

आता काय करावे ते सांगतो. चाफा मुळीच तोडू नये. हे पानगळीचे झाड आहे आणि येत्या काही आठवड्यांत त्याची पाने आपोआप गळू लागतील. पांढऱ्या माशीची पिल्ले पानाला चिकटलेली असल्यामुळे पानाबरोबर तीही जमिनीवर येतात आणि पान सुकले की मरतात. म्हणून चाफ्यावरची निम्मी लढाई झाड स्वतःच लढते. गळलेली पाने गोळा करावीत, परंतु ती लगेच पिशवीत बांधू नयेत. बऱ्याच पिल्लांच्या आत परजीवी गांधीलमाश्या वाढत असतात आणि त्यांना बाहेर पडता यावे म्हणून पाने झाडापासून दूर, उघड्या जाळीच्या पेटीत किंवा खड्ड्यात आठवडाभर राहू द्यावीत. तोपर्यंत पाण्याच्या नळीने, बऱ्यापैकी जोराने, सकाळच्या वेळी पानांची खालची बाजू धुवावी आणि दर चार-पाच दिवसांनी ते पुन्हा करावे. पाण्याने चिकटपणा, धूळ आणि किडीची बरीचशी पिल्ले निघून जातात.

जास्वंदीचे फार आखडलेले शेंडे निरोगी पेरापर्यंत छाटावेत. मात्र ज्या शेंड्यांवर क्रिप्टोलेमसच्या अळ्या आहेत ते काही दिवस ठेवावेत. छाटलेले तुकडे बंद पिशवीत भरून उन्हात ठेवावेत, कुंपणापलीकडे फेकू नयेत, कारण तिथून कीड पुन्हा परत येते.

एवढे करूनही काही झाडांवर कीड वाढतच राहिली, तर कडुनिंबाचे तेल लिटरमागे ५ मिली, त्यात मिसळण्यापुरता मऊ साबण, आणि फवारणी संध्याकाळी उन्हे उतरल्यावर, पानाच्या खालच्या बाजूस करावी. कपडे धुण्याची पावडर वापरू नये, तिने पाने करपतात. आधी दोन-चार पानांवर फवारून दोन दिवस वाट पाहावी. व्हर्टिसिलियम लेकॅनी ही कीड मारणारी बुरशी लिटरमागे ५ ग्रॅम या प्रमाणातही चालते, पण तिला दमट हवा लागते; म्हणून कोरड्या महिन्यांपेक्षा पावसाच्या शेवटी तिचा गुण जास्त येतो.

माडबाग, पेडणे

माडांविषयी मी लिहितो. उंच माडावर फवारणी करण्याच्या भानगडीत पडू नये. रुगोज माशीमुळे झावळ्या काळवंडतात, झाड मलूल दिसते आणि घरच्यांना भीती वाटते. तरी सुदृढ, पाणी-खत मिळणारा माड त्यातून सावरतो. या माशीच्या पिल्लांमध्ये अंडी घालणारी एन्कार्सिया ग्वाडेलूपी ही इवलीशी गांधीलमाशी तिच्यासोबतच सर्वत्र पसरली आहे. माडावर रासायनिक औषध मारू नये असा तज्ज्ञांचा सल्ला आहे तो तिच्यासाठीच. झावळीखालची पिल्ले काळपट झालेली आणि त्यांच्या पाठीवर गोल छिद्रे पडलेली दिसली, तर ती कामाला लागली आहे असे समजावे. पांढरी माशी स्वतः बाहेर पडते तेव्हा आवरण आडव्या-उभ्या चिरेने फाटते, त्यामुळे दोन्हींतील फरक भिंगाखाली कळतो.

माडाखाली कर्दळ आणि केळ लावल्यास या गांधीलमाशीला टिकून राहण्यास मदत होते, कारण या झाडांवरही रुगोज माशी येते आणि तिच्या पिल्लांत परजीवी वाढत राहते. आपल्याकडे या दोन्ही झाडांची वानवा नाही. जुन्या झावळीचा परजीवी असलेला तुकडा कापून नव्याने कीड लागलेल्या माडावर बांधणे हाही उपयोगी मार्ग आहे. त्याशिवाय पिवळे चिकट सापळे, म्हणजे पिवळ्या प्लॅस्टिकला एरंडेल लावून माडाच्या खोडाला माणसाच्या उंचीवर गुंडाळणे, याने प्रौढ माश्या मोठ्या संख्येने अडकतात.

क्रोटनवरची काजळी काढण्यासाठी स्टार्चचे १ टक्का द्रावण, म्हणजे लिटरमागे १० ग्रॅम, पानांवर फवारावे. ते वाळले की पापुद्रा होऊन काजळीसह सुटते आणि पान पुन्हा हिरवे दिसते. वरून थेंब पडणे चालू असेपर्यंत काजळी परत येणार, हे मात्र गृहीत धरावे.

रोपवाटिका, मडगाव

सर्वांचे सल्ले मोठ्या झाडांसाठी योग्य आहेत, पण लहान रोपांविषयी एक वेगळे मत मांडतो. नुकतीच लावलेली, गुडघ्याएवढी रोपे पिठ्या ढेकणाने भरली तर मित्रकीटकांची वाट पाहता पाहता रोप हातचे जाते. अशा वेळी कापसाच्या बोळ्याने साबणाचे पाणी लावून प्रत्येक पुंजका हाताने पुसून काढावा. कामाला वेळ लागतो, पण त्याहून खात्रीचा उपाय मला ठाऊक नाही. नवे रोप विकत आणल्यावर काही दिवस इतर झाडांपासून वेगळे ठेवावे. पिठ्या ढेकूण अंगणात शिरतो तो बहुतेक वेळा नव्या कुंडीतूनच.

कण्हेरीच्या शेंड्यांवर पिवळा, काळ्या पायांचा मावा दिसला तर घाबरू नये. तो दिसायला भयंकर पण कण्हेरीला फारसा घातक नाही, आणि पाण्याच्या धारेने जातो. कण्हेरीची छाटणी करताना हातमोजे घालावेत आणि छाटलेल्या फांद्या जाळू नयेत, कारण तिचा धूरही विषारी असतो.

खवले किडीच्या बाबतीत आधी नखाने खरवडून पाहावे. कवच अलगद सुटून खाली किडीचे मऊ शरीर वेगळे दिसले तर ती कवचधारी जात आहे. ती चिकट थेंब टाकत नाही, म्हणून तिच्याभोवती मुंग्याही नसतात आणि मुंग्यांच्या पट्टीचा तिथे उपयोग होत नाही. मुळाशी ओतलेले इमिडाक्लोप्रिडही या जातीवर फारसे चालत नाही, हे बागकाम करणाऱ्या गृहस्थांना अवश्य सांगावे. कवचाखालून नुकतीच निघालेली फिरती पिल्ले तेवढी नाजूक असतात. लहान फांदीला दोन्ही बाजूंनी चिकट असलेली पट्टी गुंडाळून ठेवली की पिल्ले तिच्यावर अडकलेली दिसतात आणि कडुनिंबाच्या तेलाची वेळ नेमकी कळते.

अंगण, फोंडा

पंपवाल्यांना नको म्हणून कळवले आहे. कौलांवरची फांदी आज कापली आणि चाफ्याला पट्टी बांधली. जास्वंदीचे अळ्या नसलेले शेंडे छाटले. एकच शंका राहते: आपण सांगितलेली सर्व ओळख आम्ही चुकीची लावली नाही, याची खात्री कुठे करून घ्यावी?

कीटकनोंद, म्हापसा

किडीसह काही पाने कोरड्या कागदात गुंडाळून, तोंड बंद केलेल्या पिशवीत घालून, त्याच दिवशी जवळच्या विभागीय कृषी कार्यालयात न्यावीत किंवा जुने गोवे येथील कृषी विज्ञान केंद्रात दाखवावीत. तिथेच एला भागात केंद्रीय किनारपट्टी कृषी संशोधन संस्थाही आहे. ओल्या कागदात पाने ठेवू नयेत, ती कुजतात आणि कीड ओळखू येत नाही. पिशवीवर झाडाचे नाव, गाव आणि तारीख लिहावी, आणि चाफा, जास्वंद व माड यांचे नमुने एकमेकांत मिसळू देऊ नयेत.